थोरलं वावर आणि मामांचे व्हले

सगळ्यात आधी मामांचं नाव घेते, मग पुढचं. मामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. काळेवाडीत आम्ही ज्या पत्र्याच्या खोल्यांत राहतो त्या खोल्यांचे ते मालक, आणि आम्ही सगळे भाडेकरू त्यांना मामाच म्हणतो. आज मी कंपनीत कायम आहे, आमच्या घरात दोन वेळेला चूल पेटते, पोरं शाळेत जातात, ते मामांमुळं. आता मामांमुळं म्हणजे मामांच्या शहाणपणामुळं, असं मात्र मला म्हणवत नाही. कशामुळं, तेच सांगायला बसलेय.

मी लातूरकडची. सातवीची परीक्षा द्यायच्या आधीच शाळा सुटली आणि लग्न झालं. आमचे हे भोसरीला एका वर्कशॉपात प्रेसवर लागले म्हणून इकडं आलो, आणि वर्षाच्या आत त्यांच्या उजव्या हाताची बोटं त्या प्रेसमध्ये गेली. गाव लांब. गावाकडं दीर, आणि दिरांच्या घरात आधीच खाणारी तोंडं जास्त. त्यामुळं मला त्या दिवसांत सगळ्याचीच धास्ती वाटायची. पत्रा वाजला तरी वाटायचं, आता मालक खोली खाली करायला सांगणार.

मालक आले ते वेगळंच विचारायला. डोक्याला तांबडं मुंडासं, अंगात दंडकी, खांद्यावर भर उन्हाळ्यातसुद्धा घोंगडं. दारात उभे राहून म्हणाले, "पोरी, खुरपनी येती का?"

म्हटलं, येते.

"मंग उद्या सकाळच्याला वावरात चल."

मी खुरपं घेऊन निघाले. मामा मला नदीपलीकडं घेऊन गेले ते थेट एका कंपनीच्या गेटवर. कुलपं करणारी मोठी कंपनी. लोखंडी गेट, वॉचमन, आत धुराडं. माझ्या हातात खुरपं.

याचा उलगडा मला पुढं झाला. कंपनी उभी आहे ती जमीन पूर्वी मामांची. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात चांगला तुकडा, म्हणून घरात त्याला थोरलं वावर म्हणायचे. सरकारनं ते कंपनीसाठी घेतलं, त्याचे पैसे आले, त्यातून या पत्र्याच्या खोल्या उठल्या. हे सगळं मामांना नीट माहीत होतं. फक्त बोलताना ते मानत नव्हते. कंपनीचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. सकाळचा भोंगा झाला की म्हणायचे, वावर वाजलं. शिफ्ट सुटून माणसं आली की ओट्यावरून विचारायचे, आज थोरल्या वावरात काय निघालं?

"कुलपं, मामा."

"अजून कुलपंच? आन् किल्ल्या?"

"त्या दुसऱ्या डिपार्टमेंटला."

"पीक बदलाया पायजे. जमिनीचा कस जातो," मामा म्हणायचे, आणि हे इतक्या गंभीरपणे, की नवीन माणसाला हसावं का नको ते कळायचं नाही.

तर त्या दिवशी गेटवर मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. आतून जीप आली, तिला थांबावं लागलं. जीपमध्ये कंपनीचे लेबर ऑफिसर होते. सगळे त्यांना लेबरसाहेब म्हणत. मामा त्यांना म्हणाले, "साहेब, माज्या वावरात मानूस मी लावनार. ह्या बाईला खुरपनीला घ्या." साहेबांनी माझ्या हातातल्या खुरप्याकडं पाहिलं, मामांच्या मुंडाश्याकडं पाहिलं. त्याच आठवड्यात पॅकिंगला टेंपररी बायका घ्यायच्या होत्या, हे माझं नशीब. साहेब वॉचमनला म्हणाले, हिला आत पाठव. खुरपं मात्र गेटवर ठेवून घेतलं.

मी आत गेले. मामा गेटच्या अलीकडंच थांबले. वॉचमन बरा माणूस होता. तो म्हणाला, मामा, तुम्हीपण या की, पास देतो. मामा म्हणाले, "सोताच्या वावरात जायाला चिठ्ठी? ऱ्हाऊ दे." तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी गेटच्या आत पाय ठेवलेला नाही. पण संध्याकाळी मी घरी आले की पहिला प्रश्न ठरलेला. "हीर दिसली का?"

थोरल्या वावरात त्यांच्या आज्यानं बांधलेली विहीर होती. दगडी, पायऱ्यांची. मी बायकांना विचारलं तर त्या हसल्या. इथं कुठली विहीर, इथं बॉयलर आहे, स्टोअर आहे, कँटीन आहे. मी मामांना तसंच सांगितलं. मामा म्हणाले, बुजवली आसंल. त्या रात्री ते न जेवता झोपले असं मामी सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत, "नीट बघ. हीर कुठं जाती?"

मामी म्हणजे मामांची बायको. बारीक, काटक, आणि मामांच्या प्रत्येक वाक्याला शेपूट लावणारी. मामांच्या गोष्टींचा खरा ताळा त्यांच्याकडंच असायचा.

आणि मामांच्या गोष्टी बहुतेक शिकारीच्या. घरात भिंतीवर वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक टांगलेली, डुकरं हाकायच्या परवान्यावरची. तिच्याखाली बसून मामा सांगायचे. त्यांत व्हले फार यायचे. आमच्याकडं होला म्हणतात, इकडं जुनी माणसं व्हला म्हणतात; तेच ते राखाडी, मानेवर ठिपके असलेलं, गरीब चालीचं पाखरू. मामा म्हणायचे, डुक्कर कोनीबी मारंल, मोठं आसतंय. व्हला उडता टिपायचा म्हंजी नजर पायजे. मग डावा डोळा मिटून हाताची बंदूक करून तारेवरच्या व्हल्यावर धरायचे, बराच वेळ धरायचे, आणि हात खाली घेऊन सुस्कारा टाकायचे. "बंदी हाय सरकारची. न्हाईतर..."

हे 'न्हाईतर' आमच्या चाळीत फार प्रसिद्ध होतं. त्याच्या पुढं मामांना कधी जावं लागलं नव्हतं.

मामी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "सरकारचे उपकार हायेत. लगीन झाल्यापासनं ह्यांनी घरातला उंदीर मारला न्हाई."

आणि एके वर्षी बंदी उठली.

कुणी म्हणालं व्हले ज्वारी खातात अशा शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या, कुणी म्हणालं पुण्याच्या शिकारी लोकांनी वशिला लावला. काही असो, परवाना काढला की हिवाळ्यात ठरलेल्या दिवसांपुरते व्हले मारायला मोकळीक, असं झालं. बातमी वाचून दाखवली तेव्हा मामा ओट्यावर होते. आम्हाला वाटलं नाचतील. मामा म्हणाले, "नीट वाच. व्हलेच म्हनत्यात का? तितर आसंल."

व्हलेच होते. अख्ख्या चाळीनं मामांकडं पाहिलं. मामांनी मुंडासं सारखं केलं आणि म्हणाले, तयारी करावी लागंल. तयारी झाल्याबिगर शिकार करनारा मानूस आडानी.

ती तयारी पावसाळ्याच्या अखेरीला सुरू झाली आणि थंडीपर्यंत चालली. पहिला हुकूम दोरीवर वाळत घालायच्या कपड्यांबद्दल. पाखरं तांबड्याला बुजतात म्हणून तांबडं काही बाहेर दिसायला नको. माझ्याकडं धड असं एकच लुगडं होतं आणि ते तांबडं होतं. ते मी खोलीत, आतल्या खुंटीवर वाळवायची. मामांचं मुंडासं तांबडं होतं, त्याचं काय, असं मामींनी विचारलं. मामा म्हणाले, त्याला पाखरं वळखतात.

दुसरा हुकूम रेडिओचा. शेजारच्या खोलीतला एक फिटर ट्रान्झिस्टर मोठ्यानं लावायचा. त्याला मामांनी सांगितलं की गाणी कानाला लावून ऐकायची, जशी आजारी माणसाची नाडी बघतात तशी. तिसरं म्हणजे लपण. खोल्यांच्या मागं मामांचं खळं उरलं होतं, त्याच्या कडेला कडब्याची गंज रचायची आणि तिच्या पोटात दोन माणसं बसतील अशी जागा ठेवायची. हे काम मामांनी आमच्या ह्यांना दिलं. बोटं गेल्यापासून ह्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, मामा, यांना जमायचं नाही. मामा म्हणाले, "पेंडी रचायला बोटं कशाला? खांदा लागतो. तू मधी बोलू नगं." हे सकाळी जायचे ते दुपारी घामानं भिजून यायचे, आणि जेवण मागून घ्यायचे. एवढ्यासाठीसुद्धा मी मामांचे पाय धरले असते.

पण खरी तयारी होती ती दाण्याची. मामांचं म्हणणं, शिकार म्हणजे पाखरामागं धावणं नव्हे. पाखरू आपणहून आलं पाहिजे. म्हणून ते रोज सकाळी टोपलीत ज्वारी घेऊन खळ्यावर उभे राहायचे. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. पलीकडं भोंगा झाला की म्हणायचे, वावर वाजलं, या रं, आणि ज्वारी फेकायचे. पहिल्यांदा चार-दोन आले. मग वाढत गेले. दिवाळीनंतर तर अशी दशा झाली, की भोंगा होईपर्यंत तारांवर राखाडी रांगा लागलेल्या असायच्या आणि तो थांबायच्या आत सगळा थवा खळ्यावर. आम्ही पहिल्या शिफ्टची माणसं त्याच पायवाटेनं नदीकडं जायचो, अगदी त्यांच्यामधून. पाखरं नुसती बाजूला सरायची, उडायची नाहीत. मामा म्हणायचे, "बगितलं? मला वळखतात. लांबनं मुंडासं दिसलं की निगतात."

गुरुवारी मात्र दाणा नसायचा. वीज वाटून द्यायची म्हणून आपल्या भागातल्या कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, आणि मामा दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं तळेगावला लेकीकडं जायचे. गडी सुट्टीवर, पाखरंबी सुट्टीवर, असं म्हणून निघायचे.

आता लेबरसाहेब यात कसे आले ते सांगते. साहेबांनी पुण्याहून नवी दुनळी बंदूक घेतली होती, परवाना काढला होता, खाकी टोपीसुद्धा आणली होती. फक्त व्हले कुठं असतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. हे कानावर आल्यावर मामा एका सकाळी माझ्याबरोबर गेटपर्यंत आले आणि पुन्हा जीपच्या पुढं उभे राहिले. साहेबांना म्हणाले,

"साहेब, पाखरं माजी, बार तुमचा, आन् ही बाई पर्मनंट."

टेंपररी बायकांना ठरावीक महिने झाले की ब्रेक द्यायचे, म्हणजे कामावरून कमी करायचे. ब्रेकनंतर परत घेतील याचा भरवसा नव्हता, आणि त्या वर्षी काम कमी म्हणून घेणारच नाहीत असं सगळ्या म्हणत होत्या. माझा ब्रेक महिनाअखेरीला होता. ब्रेक मिळाला असता तर लातूरची गाडी, दिरांचं दार आणि बोटं नसलेला नवरा, एवढंच माझ्यापुढं होतं.

साहेब हसले. रागावले नाहीत. "आधी पाखरं तर दाखवा, मामा," एवढं म्हणून जीप गेली.

झालं. त्या दिवसापासून माझी नोकरी तारेवर जाऊन बसली. सकाळी थवा मोठा दिसला की बरं वाटायचं, थोडा दिसला की मी चालता चालता पाखरं मोजायची. मी देवाजवळ रोज मागायची, व्हले येऊ देत. आल्यावर त्यांचं काय होणार, ते मी देवाला सांगत नसे.

मामांचंही काही वेगळं नव्हतं. तयारी जसजशी पुरी होत आली तसे ते उदास व्हायला लागले. टोपली घेऊन उभे राहिले की एखाद्या लंगड्या व्हल्याला वेगळा दाणा टाकायचे. मामींनी एकदा विचारलं, ह्यालाबी मारनार का? मामा म्हणाले, "त्यो शिकारीतला न्हाई. त्यो आसाच येतो." भिंतीवरची बंदूक त्यांनी चिंचेनं आणि तेलानं घासून लख्ख केली, पण दारू भरायचं नाव काढेनात. पहिला बार पाव्हन्याचा, असा रिवाज हाय, म्हणाले. असा रिवाज कुणीच ऐकलेला नव्हता. मामी म्हणाल्या, "बरं झालं. पाव्हना तरी जगंल."

मोकळीक सुरू होण्याची तारीख सगळ्यांना पाठ होती. वार गुरुवार होता, तेही सगळ्यांना माहीत होतं. उलट सगळे म्हणत होते, किती छान जमून आलं; साहेबांना सुट्टी, आपल्याला सुट्टी, वाटेवर गर्दी नाही. मामांनी तळेगावला निरोप धाडला की या गुरुवारी येत नाही. एवढी माणसं, एवढी तयारी, आणि एकालाही काही सुचलं नाही. मीही त्यातलीच.

त्या दिवशी साहेब जीपनं आले. ड्रायव्हरनं जीप बाभळीआड लावली. साहेब आणि मामा कडब्याच्या गंजीत शिरले. फक्त दुनळीचं तोंड आणि मामांचं मुंडासं दिसत होतं. आमचे हे खळ्याच्या टोकाला. मला मामांनी पाण्यानं भरलेली बादली घेऊन गंजीमागं उभं केलं होतं. पाखरं सोलायची तर पाणी तयार हवं. मामी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. भात करायला हरकत नाही, व्हले नसले तरी खाता येतो, असं त्यांचं म्हणणं.

उजाडलं. तारांवर रांगा लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग ऊन वर आलं. रांगा तशाच. एक पाखरू खाली उतरेना.

साहेब गंजीतून काहीतरी पुटपुटले. मामा बाहेर आले, टोपली घेतली, ज्वारी फेकली, या रं म्हणाले. व्हले तारेवर. मामांनी मुंडासं काढून पुन्हा बांधलं, नीट दिसावं म्हणून. पुन्हा ज्वारी फेकली. पाखरं मामांकडं पाहतसुद्धा नव्हती. सगळ्यांची तोंडं नदीपलीकडं, धुराड्याकडं.

ते आधी आमच्या ह्यांच्या ध्यानात आलं. ते हळूच म्हणाले, "मामा, आज भोंगा नाही ना."

मी मामांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मान खाली घातली. इतके महिने रोज दाणा टाकणारा माणूस. आणि पाखरं त्याला नव्हे, भोंग्याला येत होती. मामांनी टोपली खाली ठेवली. मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "पाखरंबी कंपनीची झाली की गं."

त्या दिवसाआधी आणि नंतर त्यांच्या तोंडून कंपनी हा शब्द मी ऐकलेला नाही.

साहेब गंजीतून कुसळं झाडत बाहेर आले आणि घड्याळ बघायला लागले. घड्याळ बघणं म्हणजे निघणं. मी बादली खाली टेकवली. मामांनी ते पाहिलं. मुंडासं घट्ट केलं आणि साहेबांना म्हणाले, भोंगा तुमच्याच हातात हाय की. वाजवा म्हनावं.

साहेब आधी नको म्हणाले. पण नवी बंदूक होती, खाकी टोपी होती, आणि पाखरांची रांग डोळ्यांसमोर होती. त्यांनी ड्रायव्हरला जीप घेऊन गेटवर पिटाळलं: वॉचमनला सांग, साहेबांनी भोंगा वाजवायला सांगितलाय, एकदाच.

दोघं पुन्हा गंजीत शिरले. थोड्या वेळानं भोंगा झाला.

अख्खा थवा एकदम उठला आणि खळ्यावर येऊन पडला. जमीन दिसेना. साहेबांची दुनळी कडब्यातून पुढं आली. मी डोळे मिटून घेतले.

बार झाला नाही. त्याऐवजी पायांचा आवाज आला. डोळे उघडून बघते तर पायवाटेनं माणसंच माणसं. विजेच्या भानगडीत कंपनी कधीकधी सुट्टीचा वार बदलायची, तसंच झालं असणार आणि आपल्यालाच निरोप मिळाला नाही, असं समजून काळेवाडीतला प्रत्येक कामगार अंथरुणातून उठून पळत सुटला होता. कुणाचा शर्ट उलटा, कुणाच्या तोंडात दातवण, कुणाच्या हातात रिकामा डबा. नेहमीच्या वाटेनं, नेहमीसारखे व्हल्यांच्या मधून. व्हले नेहमीसारखे बाजूला सरले आणि दाणे टिपत राहिले.

सगळ्यात पुढं ट्रान्झिस्टरवाला फिटर होता. तो गंजीसमोर आला आणि थबकला. कडब्यातून बंदुकीचं तोंड बाहेर, आणि तोंडामागं खाकी टोपीतले लेबर ऑफिसर. मागची माणसं त्याच्यावर येऊन आदळली आणि तीही थांबली. फिटरनं डबा खाली ठेवला, हात जोडले आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, लेट मार्कापर्यंत ठीक होतं. हे जरा जास्त होतंय."

मागून कुणीतरी म्हणालं, युनियनला बोलवा. दुसरा म्हणाला, सुट्टीच्या दिवशी बोलावलंय, डबल ओव्हरटाइम लागतो. पार मागं बातमी पोचली तोपर्यंत तिच्यात कुणालातरी गोळी लागलेली होती. साहेब गंजीतून बाहेर आले. बंदूक कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना. ती त्यांनी छातीशी धरली, आणि त्यामुळं दृश्य आणखी बिघडलं. मी बादली घट्ट धरून उभी. माझं सगळं संपलं होतं. साहेबांची अशी शोभा करून त्यांच्याकडून काय कायम होणार?

तेव्हा मामा गंजीतून उठले. मुंडाश्यात कडबा, अंगावर घोंगडं. गर्दीकडं बघत म्हणाले, "गप ऱ्हावा. सराव हुता."

"कसला सराव?" फिटरनं विचारलं.

"आगीचा. वावराला आग लागली तर तुमी किती येळात येता, ते बघत हुतो मी आन् साहेब. बरे आलात. पर दातवण घरी ठिवून या पुढच्या टायमाला."

"आणि बंदूक?"

"भोंगा बिघडला तर इशाऱ्याला."

फिटर तसा सोडणारा नव्हता. तो म्हणाला, मामा, सराव असता तर आधी कुणालातरी सांगितलं असतं. एका तरी माणसाला.

मामांनी इकडं तिकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग माझ्या हातातल्या बादलीकडं.

"सांगितलं हुतं की. पॅकिंगच्या ह्या बाईला. ती बघ, पानी घिऊन कवाधरनं उभी हाय."

सगळी गर्दी माझ्याकडं वळली. मी काय बोलणार? बादली वर करून दाखवली. भरलेली होती.

फिटर बराच वेळ बादलीकडं बघत राहिला. माझं घर कशावर चाललंय ते त्याला शेजारी राहून माहीत होतं, आणि तो काही मूर्ख नव्हता. शेवटी म्हणाला, "मग बरोबर आहे," आणि डबा उचलून घराकडं वळला. त्याच्यामागं बाकीचे. जाता जाता एकजण म्हणाला, साहेब, आग लागली तर गुरुवारी लावू नका राव.

खळ्यावर आम्हीच राहिलो, आणि व्हले. साहेब घाम पुसत म्हणाले, वाचवलंत, मामा. मामा म्हणाले, आजून वाचला न्हाई. उद्या वरचे साहेब इचारतील, आगीचं पथक कुठं हाय? दाखवाया लागंल. आन् टेंपररी बाईच्या हातात बादली दिली, आन् ती बिरेकवर गेली, तर आग इझवायची कुनी?

साहेबांनी टोपी काढली, तिच्यातली कुसळं काढली, पुन्हा घातली. मामी ओट्यावरून म्हणाल्या, भात झालाय, जेवून जावा. ते जेवून गेले. भात आणि पिठलं.

त्या महिनाअखेरीला कंपनीत आगीचं पथक निघालं. त्यात पहिलं नाव माझं, आणि पथकातली माणसं कायम असावीत असं साहेबांनी वर पटवून दिलं. मी कायम झाल्याचं सांगायला आणि मामांच्या पाया पडायला गेले. मामा म्हणाले, "शिकार झाली म्हनायची." त्यानंतर त्यांनी शिकारीच्या गोष्टी सांगणं बंद केलं नाही, फक्त 'न्हाईतर' च्या जागी आता 'त्या सालाला' आलं. आठवड्याभरानं त्यांनी आपलं दुःखही मिटवलं. मला बोलावून म्हणाले, मी इचार केला. पाखरं वावराला वळखतात, आन् वावर कुनाचं? मंग मलाच वळखतात की. दाणा आजही चालू आहे. गुरुवारी तळेगावही.

पथकाला शिकवायला पुण्याहून एक माणूस आला होता. त्यानं पंप दाखवला, पाइप दाखवला. पाणी कुठून येतं, मी विचारलं. त्यानं आम्हाला बॉयलरच्या मागं नेलं आणि एक लोखंडी झाकण उचललं. खाली अंधारात दगडी बांधकाम, उतरत्या पायऱ्या, आणि काळंभोर पाणी. कंपनीनं विहीर बुजवली नव्हती. आगीसाठी राखून ठेवली होती.

त्या संध्याकाळी मामांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं. मामांनी खांद्यावरचं घोंगडं उगाच सारखं केलं. मग म्हणाले, पानी किती हाय? म्हटलं, पुष्कळ. "गोडं हाय ते," मामा म्हणाले, आणि दुसरीकडं बघायला लागले. मी म्हटलं, मामा, चला एकदा, मी पास काढते. त्यांनी नुसती मान हलवली. सोताच्या वावरात चिठ्ठी न्हाई.

आता मामा थकलेत. खळ्यापर्यंत काठी घेऊन जातात. मीही आता पथकाची पुढारी आहे, आणि वर्षातून एकदा सरावाचा भोंगा मी सांगेन तेव्हा होतो. त्या भोंग्याला गेट सताड उघडावं लागतं आणि वॉचमननं कुणालाही पास विचारायचा नाही, असा नियम आहे. तो मीच भांडून करून घेतलाय, आणि कशासाठी ते अजून कुणाला बोलले नाही. येत्या हिवाळ्यात जमलं तर येत्या, नाहीतर पुढच्या, पण एका सकाळी मी तो भोंगा देणार आहे. मामा, व्हले खळ्यावर उतरायच्या आत मुंडासं बांधून निघा. झाकण मी उघडून ठेवते.